विमान येताना शिट्टी, गेल्यावर गडगडाट : जेट इंजिनाच्या तोंडातून आवाज कसा बाहेर पडतो

प्रश्न तीन आहेत. पहिला : घाटकोपरच्या गच्चीवर उभे असताना, सांताक्रूझला उतरणारे विमान डोक्यावर येण्याआधी त्याची तीक्ष्ण, चढउतार होणारी शिट्टी ऐकू येते आणि ते पुढे गेले की तिची जागा जाड घरघर घेते, हे का? दुसरा : टेकऑफच्या वेळी पंखाच्या पुढच्या रांगांत बसले की करवत चालल्यासारखा आवाज येतो, तो बिघाडाचा तर नसतो ना? आणि तिसरा : इंजिनांची तोंडे दिवसेंदिवस मोठी होत आहेत, तरी नवी विमाने शांत कशी? या तिन्हींचे उत्तर इंजिनाच्या पुढच्या तोंडात, म्हणजे इनलेटमध्ये आहे. माझ्या कामाची बरीच वर्षे याच आवाजाच्या मोजमापात गेली असल्याने उत्तर थोडे लांबणार आहे.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. इनलेट म्हणजे कर्ण्यासारखे तोंड, आत पंखा जो आवाज करतो तो तसाच मोठा होऊन बाहेर पडतो, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात इनलेट ही अतिशय निवडक गाळणी आहे. पंख्याजवळ जितका दाबाचा चढउतार असतो त्यातला बराचसा भाग हातभर अंतरही न कापता विरून जातो. कोणता भाग बाहेर पडेल हे त्याच्या तीव्रतेपेक्षा तो नळीत कोणत्या आकृतीने फिरत आहे यावर ठरते.

ही आकृती समजण्यासाठी एक ओळखीचे इंजिन घेऊ. बोइंग ७३७ च्या मागच्या पिढीवरील सीएफएम५६-७बी या इंजिनाच्या पंख्याला २४ पाती आहेत, व्यास १५५ सेंटिमीटर आहे आणि शंभर टक्के वेग म्हणजे मिनिटाला ५१७५ फेरे. उतरताना हा वेग वजन आणि वाऱ्यानुसार बदलतो. आपण ६० टक्के धरू. म्हणजे सेकंदाला सुमारे ५२ फेरे, आणि एका जागेवरून सेकंदाला १२४० पाती जातात. ही पात्यांची मूळ वारंवारता झाली. पात्यांच्या टोकांचा वेग सेकंदाला २५० मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या पाऊणपटीहून किंचित कमी.

आता पंखा एकटाच असता तर त्याच्याबरोबर २४ पाकळ्यांची दाबाची आकृती फिरली असती : पात्याच्या एका बाजूला जास्त दाब, दुसऱ्या बाजूला कमी. ही आकृती ध्वनीपेक्षा हळू फिरत असेल तर शेजारशेजारच्या जास्त आणि कमी दाबाच्या पाकळ्यांना आपसांत हिशेब मिटवायला पुरेसा वेळ मिळतो. हौदात तळहात सावकाश फिरवला तर पाणी हाताला वळसा घालून मागे येऊन बसते, लाट उठत नाही; तसेच हे. अशी आकृती नळीत पुढे सरकत नाही, पंख्यापासून दूर जाताना भराभर क्षीण होते. भिंतीलगत तिचा वेग ध्वनीच्या वेगाच्या पलीकडे गेला की मात्र हवेला वळसा घालायला वेळ मिळत नाही आणि आकृती तरंग होऊन नळीतून निघते. आमच्या क्षेत्रात पहिल्या अवस्थेला ‘कट-ऑफ’ आणि दुसरीला ‘कट-ऑन’ म्हणतात. नळीतून वाहणाऱ्या हवेमुळे ही सीमा थोडी अलीकडे सरकते, पण मूळ कल्पना तीच राहते.

म्हणजे उतरताना, टोकांचा वेग ध्वनीपेक्षा कमी असताना, पंखा गप्प राहायला हवा. तरी शिट्टी ऐकू येते, कारण पंखा एकटा नसतो. त्याच्या मागे स्थिर पात्यांचे कडे असते, आणि पंख्याच्या प्रत्येक पात्यामागे निघणारा मंद हवेचा पट्टा या स्थिर पात्यांवर आपटत जातो. इथे खरी गंमत आहे. अकरावीच्या प्रयोगशाळेतील व्हर्निअर कॅलिपर आठवा : दोन पट्ट्यांवरच्या रेघांची संख्या थोडी वेगळी असते, आणि सरकती पट्टी जराशी हलवली की रेघा जुळण्याची जागा मात्र झरझर धावते. फिरती पाती आणि स्थिर पाती यांच्यातही हेच होते. आघाताची जागा पंख्यापेक्षा कितीतरी वेगाने, आणि बऱ्याचदा उलट्या दिशेने, फिरते. पंखा ध्वनीपेक्षा हळू असला तरी ही जागा ध्वनीपेक्षा वेगवान असू शकते, आणि मग आवाज बाहेर पडतो. प्रॅट अँड व्हिटनीच्या टायलर आणि सोफ्रिन या दोघांनी हे गणित १९६२ साली प्रसिद्ध केले. पंख्याच्या पात्यांची संख्या ज्या क्रमांकाच्या स्वराबद्दल बोलत असू त्याने (मूळ वारंवारतेचा स्वर पहिला, तिच्या दुपटीचा दुसरा) गुणायची आणि तीत स्थिर पात्यांच्या संख्येची कोणतीही पूर्ण पट मिळवायची किंवा वजा करायची, की फिरणाऱ्या आकृतीच्या पाकळ्या मिळतात. माझ्या मते या शास्त्रात इतक्या थोडक्या शब्दांत इतके सांगणारे दुसरे सूत्र नाही.

हिशेबासाठी स्थिर पाती ५४ आहेत असे समजा. मूळ स्वरासाठी २४ मधून ५४ गेले की उणे ३०. म्हणजे ३० पाकळ्यांची, उलट फिरणारी आकृती. तिचा वेग पंख्याच्या आठ दशांश, म्हणजे ध्वनीपेक्षा बराच कमी. नळीतील तिचा ऱ्हास मोजला तर दर १० सेंटिमीटरला सुमारे ३० डेसिबल येतो; इनलेटच्या कडेपर्यंत तिचे नावही उरत नाही. दुपटीच्या स्वरासाठी मात्र ४८ मधून ५४ गेले की उणे ६. सहा पाकळ्यांची ही आकृती पंख्याच्या आठपट वेगाने उलटी फिरते, भिंतीलगत सेकंदाला दोन हजार मीटर. ती अडवणे शक्य नाही. घाटकोपरच्या गच्चीवर ऐकू येते ती शिट्टी बहुतांशी अशा आकृत्यांची असते, म्हणून तिच्यात मूळ स्वरापेक्षा दुपटीचा स्वर अनेकदा जास्त ठळक असतो.

स्थिर पात्यांची संख्या पंख्याच्या पात्यांच्या दुपटीहून थोडी जास्त ठेवण्याचा जो पायंडा पडला तो यामुळेच. हाच पंखा टेकऑफला ९५ टक्के वेगाने फिरवला तर वरील ३० पाकळ्यांची आकृतीही जेमतेम सुटते, असे हिशेब सांगतो. पण ही पात्यांची निवड मुख्यतः उतरण्याच्या वेळेचा विचार करून केली जाते, कारण टेकऑफला इंजिनामागून निघणाऱ्या हवेच्या झोताचा आणि करवतीचा आवाज तिला झाकून टाकतो.

आता सुटलेला आवाज बाहेर कोणत्या दिशेला जातो ते पाहू. नळीतील फिरता तरंग सरळ पुढे जात नाही. तो भिंतीलगत मळसूत्रासारखा वळत जातो. कट-ऑफच्या सीमेला अगदी लागून असलेला तरंग जवळजवळ आडवाच फिरत असतो आणि तोंडाशी आल्यावर बाजूला फेकला जातो. सीमेच्या खूप वर असलेला तरंग अक्षाच्या जवळून, पुढच्या दिशेला निघतो. आपल्या सहा पाकळ्यांच्या आकृतीचेच त्रिज्येच्या दिशेने अनेक उपप्रकार असतात. नळीतील वाऱ्याचा परिणाम बाजूला ठेवून काढले तर त्यातील पहिल्याच्या आवाजाचा मुख्य झोत अक्षापासून सुमारे १२ अंशांवर येतो आणि आठव्याचा ६० अंशांच्या थोडा पलीकडे. नेमक्या अक्षावर मात्र फिरत्या आकृतीचा आवाज शून्य असतो, कारण मध्यभागी सगळ्या पाकळ्या एकमेकींना खोडतात. चालू इंजिनाच्या समोर उभे राहून हे तपासण्याचा मोह कोणी करू नये, हे वेगळे सांगायला नको.

हे चित्र गच्चीवर आणू. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांत उतरतानाचा आवाज मोजण्याची जागा धावपट्टीच्या सुरुवातीपासून २००० मीटर अलीकडे असते, आणि तीन अंशांच्या उतारावर तिथे विमान १२० मीटर उंचीवर असते. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून उतरताना असे अंतर साधारण कुर्ला-घाटकोपरच्या पट्ट्यातच पडते. विमानाचा वेग सेकंदाला ७० मीटर धरला तर १२ अंशांचा झोत विमान डोक्यावर येण्याच्या सुमारे आठ सेकंद आधी आपल्या दिशेने निघतो आणि ६० अंशांचा केवळ एक सेकंद आधी. त्या आठ सेकंदांत एकेका उपप्रकाराचा झोत आपल्यावरून फिरून जातो. शिट्टीची जी चढउतार ऐकू येते तिच्यात वाऱ्याचा वाटा असतोच, पण या झोतांचाही असतो. शिवाय डॉप्लर परिणाम : समोरून येताना १२४० हर्ट्‌झचा स्वर १५५० च्या आसपास ऐकू येतो आणि विमान गेल्यावर हजारापर्यंत उतरतो. विमान पुढे गेले की इनलेटचे तोंड आपल्यापासून वळलेले असते; मग कानावर येतो तो मागच्या नळीचा, बाहेर पडणाऱ्या हवेच्या झोताचा, चाकांचा आणि फ्लॅप्सचा आवाज, आणि त्याचा पोत मुळातच खरखरीत असतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे.

आवाज इनलेटमधून बाहेर पडतो तेव्हा तो वाऱ्याविरुद्ध चालत असतो, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते. टेकऑफला इनलेटमधील हवेचा वेग ध्वनीच्या निम्म्याहून थोडा जास्त असू शकतो. म्हणजे तरंगाला पुढे सरकायला निम्माही वेग उरत नाही. हा वेग घशाशी, म्हणजे इनलेटच्या सर्वांत अरुंद भागाशी, ध्वनीइतका करून आवाज पूर्ण अडवण्याचे प्रयोग १९७० च्या दशकात झाले. आवाज खरोखर अडला, पण दाबाचे नुकसान, बदलत्या आकाराच्या घशाची यंत्रणा आणि तिचे वजन यांचा हिशेब जुळला नाही. प्रयोगाच्या टेबलावर सुंदर दिसणारी आणि विमानाला न परवडणारी कल्पना म्हणून मी नव्या अभियंत्यांना हे उदाहरण नेहमी देतो.

वाऱ्याचा दुसरा परिणाम जास्त खोडकर आहे. भिंतीलगत हवा मंद असते, मध्ये वेगवान. वाऱ्याविरुद्ध जाणारा तरंग त्यामुळे भिंतीजवळ लवकर आणि मध्यात उशिरा सरकतो, परिणामी तो भिंतीकडून आत वळतो. आवाज शोषणारे अस्तर तर भिंतीवर असते. मागच्या नळीत, जिथे आवाज वाऱ्याबरोबर जातो, तिथे उलट घडते आणि तो भिंतीकडे वळतो. त्यामुळे तेच अस्तर पुढे लावले तर कमी आणि मागे लावले तर जास्त काम करते.

अस्तराविषयी थोडे. छिद्रे पाडलेला पत्रा, त्यामागे मधमाशांच्या पोळ्यासारख्या कप्प्यांचा थर आणि त्यामागे भरीव पत्रा, अशी त्याची रचना असते. कप्प्याची खोली तरंगलांबीच्या पावपटीच्या आसपास ठेवली जाते. २००० हर्ट्‌झला ही खोली चार सेंटिमीटरच्या थोडी वर येते, छिद्रांतील हवेच्या जडत्वामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी चालते. जो तरंग भिंतीवर वारंवार आपटतो, म्हणजे कट-ऑफच्या सीमेजवळचा, तो लवकर शोषला जातो. जो अक्षाजवळून सरळ निघतो तो अस्तराला स्पर्शही न करता बाहेर पडतो. बोइंग ७०७ आणि डीसी-८ च्या इंजिनांना अशी अस्तरे लावण्याचे काम नासाने १९६७ च्या सुमारास हाती घेतले होते, कारण पंखा असलेली नवी इंजिने टेकऑफला शांत असली तरी उतरताना त्यांची शिट्टी लोकांना असह्य होत होती. त्या इंजिनांत पंख्याच्या पुढेही मार्गदर्शक पाती होती, आणि त्यांच्यामागचे मंद हवेचे पट्टे पंखा क्षणाक्षणाला कापत असे. ७४७ च्या पिढीतील मोठ्या इंजिनांतून ती पुढची पाती गेली आणि पंखा व मागची स्थिर पाती यांच्यातील अंतर वाढले, हा माझ्या दृष्टीने अस्तराइतकाच मोठा बदल होता.

अस्तराच्या तुकड्यांना जोडणारी भरीव पट्टी किती त्रासदायक ठरते हे बरेच उशिरा ध्यानात आले. २४ पाकळ्यांची, अस्तराने सहज शोषली जाणारी आकृती या पट्ट्यांवर आदळली की तिचा काही भाग कमी पाकळ्यांच्या आकृत्यांत विखुरतो, आणि या आकृत्या अस्तराला दाद देत नाहीत. दोन-तीन बोटे रुंदीची पट्टी, पण सगळे मुसळ केरात. एअरबस ए३८० च्या इनलेटमध्ये म्हणूनच जोडाशिवायचे, अखंड अस्तर बसवले गेले.

आता दुसरा प्रश्न, करवतीचा. टेकऑफला सीएफएम५६-७बी च्या पात्यांची टोके सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास फिरतात. त्यात आत येणाऱ्या हवेचा वेग मिळवला की टोकाला सापडणारी हवा ध्वनीपेक्षा वेगवान असते आणि प्रत्येक पात्यापुढे एक आघात-तरंग, म्हणजे दाबाची एकदम चढलेली भिंत, उभा राहतो. चोवीस पाती तंतोतंत सारखी असती तर चोवीसही आघात सारखे झाले असते, आणि सेकंदाला ८२ फेऱ्यांना सुमारे १९७० हर्ट्‌झचा एकच स्वर व त्याच्या पटी ऐकू आल्या असत्या. पण कितीही काटेकोर कारखाना असला तरी पात्यांच्या कोनांत अंशाच्या अपूर्णांकाइतका फरक राहतोच. त्यामुळे काही आघात थोडे बलवान, काही थोडे दुबळे निघतात. बलवान आघात जास्त वेगाने धावतो आणि पुढच्या दुबळ्याला गाठून गिळतो. इनलेटच्या तोंडापर्यंत येता येता चोवीस समान दात्यांची करवत वेड्यावाकड्या दात्यांची होते. ती पुनरावृत्त होते ती पात्यागणिक नव्हे, तर पूर्ण फेऱ्यागणिक. म्हणून ८२ हर्ट्‌झ आणि त्याच्या सगळ्या पटी एकदम वाजतात. इंग्रजीतही या आवाजाचे नाव करवतीवरूनच पडले आहे. हा बिघाड नाही, निरोगी इंजिनाचेच लक्षण आहे.

तो पुढच्या रांगांत का, याचे उत्तर वर येऊन गेले आहे. पंख्याबरोबर फिरणारी २४ पाकळ्यांची ही आकृती कट-ऑनच्या सीमेच्या थोडीच वर असते, म्हणून ती इनलेटच्या तोंडातून बाजूच्या दिशेला फेकली जाते आणि इंजिनापुढच्या भागातील विमानाच्या कायेवर आदळते. मागे बसलेल्यांना झोताचा गडगडाट मिळतो. वैमानिकाने चढाईसाठी शक्ती कमी केली की करवत एकाएकी मंदावते, कारण टोकाचा सापेक्ष वेग पुन्हा ध्वनीच्या सीमेकडे उतरतो.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोठ्या पंख्याच्या सावकाश फिरण्यात आहे, पण तेवढ्यावर थांबणे बरोबर नाही. इंडिगोच्या ए३२० निओपैकी काहींवर प्रॅट अँड व्हिटनीचे दातेरी चाके असलेले इंजिन आहे. त्याच्या पंख्याला २० पाती आहेत आणि तो त्याला फिरवणाऱ्या टर्बाइनच्या साधारण एक तृतीयांश वेगाने फिरतो. काहींवर १८ पात्यांचे लीप इंजिन आहे, त्यात दातेरी चाके नाहीत. टोकाचा वेग कमी म्हणजे आघात सौम्य, हे खरे. पण पाती कमी आणि फेरे कमी म्हणजे स्वरही खाली येतो, तरंगलांबी वाढते, आणि तिला पुरेल इतक्या खोल अस्तराला जागा मिळत नाही. त्यातच पंख्याचा व्यास वाढला की वजन आवरण्यासाठी इनलेट आखूड करावे लागते, म्हणजे अस्तराचे क्षेत्रफळ घटते. शिवाय ठळक स्वर जसजसे कमी झाले तसतसा मागे लपलेला सर्व वारंवारतांचा सळसळणारा आवाज उघडा पडला आहे. पात्यांमागच्या खळबळीतून तो येतो आणि कोणत्याही एका आकृतीत नसतो. वर घेतलेल्या उदाहरणात दुपटीच्या स्वराच्या वारंवारतेला नळीतून जाऊ शकणाऱ्या आकृत्या तीनशेहून अधिक निघतात आणि हा आवाज त्या सगळ्यांत वाटला जातो. पात्यांची संख्या बदलून तो अडवता येत नाही. आजचे बरेच संशोधन यावरच चालू आहे.

मोजमापाविषयी एक अनुभव सांगतो, कारण त्यातून या विषयातील एक जुना पेच कळतो. नोकरीच्या सुरुवातीला उघड्यावरच्या चाचणी-ओट्यावर आम्ही एका पंख्याची ध्वनिचाचणी करीत होतो. गणिताने मूळ स्वर कट-ऑफ होता, तरी तो ठणठणीत दिसत होता, आणि सकाळी वेगळा, दुपारच्या वाऱ्यात वेगळा. आठवडाभर मी मायक्रोफोनच्या तारा तपासत बसलो. वरिष्ठांनी एका वाक्यात सोडवले : “जमिनीवर इंजिन स्वतःच हवा ओढून घेते, हे लक्षात घ्या.” स्थिर इंजिन सगळ्या दिशांनी हवा खेचते, आणि वातावरणातील भोवरे इनलेटमध्ये शिरताना शेवयांसारखे लांब ताणले जातात. एकाच ताणलेल्या भोवऱ्याला लागोपाठ अनेक पाती कापतात आणि मूळ स्वर नव्याने जन्माला येतो. उड्डाणात हवा समोरून सरळ येते, भोवरे फारसे ताणले जात नाहीत आणि तो स्वर नाहीसा होतो. जमिनीवर आणि आकाशात घेतलेली मोजमापे जुळत नाहीत या कोड्याने १९७० च्या दशकात अनेकांना सतावले होते. आज जमिनीवरील चाचणीत इनलेटपुढे जाळी आणि पोळ्यासारख्या कप्प्यांचा मोठा घुमट बसवतात, तो भोवरे मोडण्यासाठी. त्याशिवाय घेतलेल्या आकड्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

शेवटी, करवत तपासून पाहायची असेल तर एक सोपा मार्ग आहे. मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवूनही त्यावर वारंवारतेचा आलेख दाखवणारे अ‍ॅप चालते. टेकऑफच्या वेळी पुढच्या रांगेत बसून पाहिले तर समान अंतरावरच्या उभ्या रेघांची रांग दिसेल. दोन रेघांमधील अंतराला ६० ने गुणले की पंख्याचे मिनिटाचे फेरे मिळतात. ७३७-८०० मध्ये ८२ हर्ट्‌झचे अंतर मिळाले तर ४९२० फेरे, म्हणजे कॉकपिटमधील काटा त्या क्षणी ९५ टक्क्यांवर असणार.